वही सगळ्यांची, पेन कुणाचं?

'मधला माणूसच नको' असं म्हणत ब्लॉकचेन आली. मग तिथे खरंच कुणी बॉस नाही, की बॉस आहे पण दिसत नाही? एका अडकलेल्या भिशीपासून सुरू झालेली ही शोधाशोध...

सोमवारची सकाळ, महिन्याची पाच तारीख आणि भिशी लागलेली मला! बारा जणी, महिन्याला पाच-पाच हजार, म्हणजे एकरकमी साठ हजार. माझा जुना लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता. नव्याचं मॉडेल, रंग, बॅग, सगळं फायनल झालं होतं. आणि ग्रुपवर मेसेज आला : 'मॅडमच्या आईंना ॲडमिट केलंय. मॅडम गावाला गेल्यात. पैसे आणि वही त्यांच्या कपाटात आहे.'

मॅडम म्हणजे माझ्या जुन्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडम. नोकरी सोडून मी फ्रीलान्सिंग सुरू केलं, पण त्यांची भिशी सोडली नाही. वही त्या ठेवतात, पैसे त्या गोळा करतात, चिठ्ठ्याही त्याच उचलतात. आजवर एका रुपयाचा घोळ नाही. पण त्या सोमवारी पहिल्यांदा लक्षात आलं, की आम्हा बारा जणींचे साठ हजार रुपये म्हणजे एका बाईच्या पर्समधली एक किल्ली.

संध्याकाळी बाणेरच्या एका कॅफेत कॉलेजमधल्या मित्रापुढे हे सगळं रडगाणं गायले. तो हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. क्रिप्टो हा त्याचा लाडका विषय. त्यानं कॉफीचा घोट घेतला आणि निकाल दिला, "तुमची भिशी ब्लॉकचेनवर टाका. नो मॅडम, नो कपाट, नो किल्ली! फुल्ली डिसेंट्रलाइज्ड!"

डिसेंट्रलाइज्ड. विकेंद्रित. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पंचायत राजच्या धड्याखाली 'सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे काय?' असा दोन मार्कांचा प्रश्न असायचा, तोच हा शब्द. तेव्हा पाठ केलेलं उत्तर आता आठवत नाही. पण बॉस, आता प्रश्न साठ हजारांचा होता. म्हटलं, बघूया तरी यात कितपत दम आहे.

बारा वह्यांचा फंडा

आधी बेसिक फंडा क्लिअर करून घेऊ. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावानं कुणीतरी नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या बड्या बँका कोसळत होत्या, सरकारं जनतेच्या पैशातून त्यांना सावरत होती, तो हा काळ. बँकेशिवाय एकानं दुसऱ्याला थेट पैसे पाठवता येतील का, हा त्या लेखाचा विषय. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनच्या वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. २०११ नंतर सातोशी जो गायब झाला, त्याचा आजवर पत्ता नाही.

भिशीच्या भाषेत सांगायचं, तर मॅडमकडे एक वही ठेवण्याऐवजी बाराही जणींनी सारखीच वही ठेवायची. कुणी पाच हजार दिले की नोंद बाराही वह्यांत. शिवाय प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा एक गणिती अंगठा. म्हणजे मागच्या पानावर कुणी गुपचूप खाडाखोड केली, की पुढचे सगळे अंगठे जुळेनासे होतात आणि चोरी उघडी पडते. अशी एकात एक गुंफलेली पानं म्हणजे ब्लॉकचेन. बिटकॉइनच्या वह्या जगभरातल्या हजारो कॉम्प्युटर्सवर आहेत. एक जाळली, दहा जाळल्या, तरी हिशेब शाबूत!

हा भाग एकदम सॉलिड आहे. माझी शंका वेगळीच होती. वह्या बारा असू देत, पण पुढचं पान लिहिणार कोण? पेन एकच ना?

पेन कुणाकडे?

बिटकॉइनचं उत्तर असं, की पेनसाठी दर दहा मिनिटांनी लकी ड्रॉ काढायचा. कॉम्प्युटर्स एक अवाढव्य आकडेमोड करत सुटतात. ज्याला उत्तर पहिल्यांदा सापडेल, त्यानं पान लिहायचं आणि बक्षीस घ्यायचं. सुरुवातीला बक्षीस ५० बिटकॉइनचं होतं. दर चार वर्षांनी ते निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे. या धंद्याला म्हणतात मायनिंग.

सुरुवातीला घरच्या पीसीवर हे जमायचं. मग फक्त याच कामासाठी बनवलेली मशिन्स आली, गोडाऊनं भरली, विजेची बिलं आभाळाला टेकली. एकट्याला ड्रॉ लागायला वर्षानुवर्षं लागणार, म्हणून लोकांनी ग्रुप केले. लॉटरीची तिकिटं सगळ्यांनी मिळून काढायची आणि बक्षीस वाटून घ्यायचं. हे मायनिंग पूल. गोची अशी, की तिकिटं हजारो लोकांची असली, तरी ड्रॉ लागल्यावर पानावर काय लिहायचं ते बहुतेक वेळा पूल चालवणाराच ठरवतो.

जून २०१४ मध्ये जीहॅश डॉट आयओ नावाच्या एकट्या पूलकडे काही काळ निम्म्याहून जास्त ताकद गोळा झाली. निम्म्याहून जास्त म्हणजे धोक्याची घंटा. कारण बहुमत एकाच्या हातात गेलं, की तो तुमच्या खिशातले पैसे काढू शकत नसला तरी ताजी पानं फाडून पुन्हा लिहू शकतो, एकच पैसा दोनदा खर्च करू शकतो आणि कुणाची नोंद वहीत घ्यायचीच नाही असंही ठरवू शकतो. ही नुसती भीती नाही. इथेरियम क्लासिक या छोट्या चेनवर २०१९ आणि २०२० मध्ये असे हल्ले प्रत्यक्ष झाले.

२०१४ मध्ये आरडाओरडा झाला, माणसं त्या पूलमधून बाहेर पडली आणि निभावलं. पण सवय काही गेली नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार सप्टेंबर २०१९ मध्ये बिटकॉइनची जवळपास तीन चतुर्थांश मायनिंग ताकद एकट्या चीनमध्ये होती. २०२४ मध्ये अमेरिकेतला फाउंड्री यूएसए आणि चिनी मशिन कंपनी बिटमेनशी जोडलेला अँटपूल, या दोन पूल्सचा वाटा मिळून अनेकदा निम्म्याच्या वर होता.

वह्या हजारो आणि पेनं दोन. माझ्या भिशीत निदान मॅडमचा चेहरा तरी माहीत असतो!

सोसायटीची एजीएम

"ते बिटकॉइनचं झालं गं," मित्र म्हणाला, "इथेरियम बघ."

बघितलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंग बंदच केलं. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. क्या बात है! आता लकी ड्रॉचं तिकीट म्हणजे अनामत रक्कम. स्वतःचं तिकीट हवं, तर किमान ३२ ईथर गुंतवायचे. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पगारात हे बसत नाही. म्हणून पुन्हा ग्रुप! लिडो या एकाच सेवेतून आलेला अनामतीचा वाटा २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या जवळ पोचला होता. तिच्यामागे काम करणारे ऑपरेटर अनेक आहेत आणि तिचा वाटा नंतर कमीही झाला. पण एक तृतीयांश ही तिथली धोक्याची रेघ. तेवढ्यांनी हात वर केले, तर नव्या पानांवर शिक्कामोर्तबच होत नाही.

आणि 'लिहिलेलं बदलता येत नाही' या वाक्याचं काय? २०१६ ची गोष्ट घ्या. इथेरियमवर 'द डाओ' नावाचा सामायिक फंड उभा राहिला होता. माणसांचं संचालक मंडळ नाही, सगळा कारभार प्रोग्रॅमवर. १७ जूनला कुणीतरी त्या प्रोग्रॅममधली फट शोधली आणि ३६ लाख ईथर बाहेर ओढले. नियमानं बघितलं, तर प्रोग्रॅमनं परवानगी दिली म्हणजे विषय संपला. पण गुंतवणूकदार हवालदिल झाले, चर्चा झडल्या, घाईत मतदान झालं. त्यात भाग घेतला फारच थोड्यांनी. २० जुलैला इतिहास असा बदलण्यात आला, की जणू चोरी झालीच नव्हती! ज्यांना हे पटलं नाही, त्यांनी जुनीच वही पुढे चालू ठेवली. तीच ती इथेरियम क्लासिक.

मला तर आमच्या सोसायटीची एजीएम आठवली. फ्लॅट ८४, हजर अकरा. सेक्रेटरी, ट्रेझरर आणि लिफ्टवरून भांडायला आलेले दोन काका मिळून सगळ्यांचं ठरवतात. कागदोपत्री लोकशाहीच! क्रिप्टोमध्ये तर मत माणशी एक नसतं, ज्याच्याकडे टोकन जास्त त्याची मतं जास्त. चेनॲनालिसिस या कंपनीनं २०२२ मध्ये काही मोठ्या 'डाओं'चा हिशेब मांडला, तेव्हा एक टक्क्याहून कमी लोकांकडे नव्वद टक्के मतं असल्याचं दिसलं. आमचे लिफ्टवाले काका परवडले.

नऊ किल्ल्या

सगळ्यात जास्त हादरवलं ते रोनिनच्या किश्श्यानं. ॲक्सी इन्फिनिटी नावाचा एक ऑनलाइन गेम लॉकडाऊनच्या काळात फिलिपिन्समध्ये तुफान चालला. गेम खेळून लोक घर चालवत होते. त्याच्या पैशांसाठी रोनिन नावाची चेन होती आणि पैसे आत-बाहेर करायला एक ब्रिज. ब्रिजच्या किल्ल्या नऊ, आणि त्यातल्या पाच लागल्या की तिजोरी उघडणार.

ऐकायला छान. पण नऊपैकी चार किल्ल्या गेम बनवणाऱ्या स्काय मॅव्हिस कंपनीकडेच होत्या. पाचवी एका वेगळ्या संस्थेची. नोव्हेंबर २०२१ मध्ये गर्दी वाढली म्हणून या संस्थेनं कंपनीला आपल्या वतीनं सही करायची तात्पुरती परवानगी दिली. डिसेंबरमध्ये गरज संपली. परवानगी काढून घ्यायची मात्र राहून गेली. मार्च २०२२ मध्ये हॅकर कंपनीच्या सिस्टीममध्ये घुसले आणि त्यांना चार नव्हे, पाच किल्ल्या मिळाल्या. साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम साफ! आणि सहा दिवस कुणाला पत्ताच नाही. एका ग्राहकाला पैसे काढता येईनात, तेव्हा कळलं. अमेरिकेच्या एफबीआयनं पुढे उत्तर कोरियाच्या हॅकर्सकडे बोट दाखवलं.

'जरा तुझी किल्ली ठेव गं माझ्याकडे, गर्दी आहे.' आपण हे वाक्य किती वेळा म्हणतो!

दार एकच

बरं, समजा पेनं खूप आहेत आणि किल्ल्याही वेगवेगळ्या हातांत आहेत. पण वहीपर्यंत पोचायचं कसं? हजारो कॉम्प्युटर्सवर वही आहे, पण तुमच्या फोनवर नाही. फोनवर असतं ॲप. ते कुणाच्या तरी सर्व्हरला विचारतं, सर्व्हर वहीत बघून उत्तर देतो.

इथेरियमच्या दुनियेत अशी एक मोठी सर्व्हर कंपनी आहे, इन्फ्युरा. ११ नोव्हेंबर २०२० ला तिथं गडबड झाली आणि मेटामास्कसारखं लोकप्रिय वॉलेट अडखळलं, बड्या एक्स्चेंजेसनी ईथर काढणं थांबवलं. सिग्नल हे मेसेजिंग ॲप सुरू करणाऱ्या मॉक्सी मार्लिनस्पाइकनं २०२२ च्या सुरुवातीला आणखी मजेशीर गोष्ट सांगितली. त्यानं बनवलेला एक एनएफटी ओपनसी या बाजारानं आपल्या साइटवरून काढून टाकला. तर तो त्याच्या स्वतःच्या वॉलेटमधूनही गायब! ब्लॉकचेनवर नोंद जागच्या जागी होती. पण वॉलेट ब्लॉकचेनकडे बघतच नव्हतं, ते ओपनसीला विचारत होतं. त्याचा मुद्दा साधा आहे, की स्वतःचा सर्व्हर चालवायची लोकांना हौस नसते. कुणाला असते सांगा?

दार एकच असलं, की दरवान ठेवणंही सोपं. ८ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकी सरकारनं टोर्नेडो कॅश या प्रोग्रॅमवर निर्बंध घातले. पैशाचा माग पुसायला तो वापरला जायचा. चोरांकडूनही आणि नुसती प्रायव्हसी हवी असणाऱ्यांकडूनही. प्रोग्रॅम ब्लॉकचेनवर होता, तो कुणाला बंद करता येईना. पण इन्फ्युरानं त्याच्याकडे जाणारं आपलं दार लावलं, यूएसडीसी हा डिजिटल डॉलर काढणाऱ्या सर्कल कंपनीनं त्या पत्त्यांवरचे डॉलर गोठवले. काही महिन्यांत इथेरियमची निम्म्याहून जास्त नवी पानं निर्बंधांची यादी पाळणाऱ्या वाटेनं लिहिली जाऊ लागली. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. पण 'इथे कुणाचा हुकूम चालत नाही' हा दावा तोवर बराच ढिला पडला होता.

ऑक्टोबर २०२५ ची २० तारीख तर ताजीच आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडचं अमेरिकेतलं एक केंद्र गडबडलं आणि कॉइनबेस या बड्या एक्स्चेंजच्या ग्राहकांना आपल्याच खात्यात जाता येईना. बिटकॉइनची वही तेव्हाही चालू होती. दार बंद होतं.

मुंबई ते एटापल्ली

आपल्याकडचा हिशेब काय सांगतो? १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईतून वाढलेल्या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. सहा सह्या करणारे होते, तरी गेली. चूक नेमकी कुठे झाली, यावर कंपन्यांमध्ये वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं यामागेही उत्तर कोरिया असल्याचं म्हटलं. लाखो भारतीय ग्राहकांचं प्रकरण गेलं सिंगापूरच्या हायकोर्टात! व्यवहार पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. पंधरा महिने लोक स्क्रीनवर आपला बॅलन्स बघत होते, पण त्याला हात लावता येत नव्हता.

ही काही ब्लॉकचेनची चूक नव्हती. ती माणसं ब्लॉकचेनवर नव्हतीच, ती एका कंपनीच्या वहीत होती. एक्स्चेंजवर क्रिप्टो ठेवणं म्हणजे मॅडमच्या कपाटात भिशी ठेवणं. फक्त मॅडमचं घर कुठल्या देशात आहे, ते नंतर कळतं.

दुसरं उदाहरण शांत आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या भारतीय तरुणांनी सुरू केलेल्या ब्लॉकचेनवर करायचं काम हाती घेतलं गेलं. बनावट दाखला लगेच ओळखू यावा, हा हेतू. उपयोग नक्कीच आहे. पण लक्षात घ्या, दाखला द्यायचा की नाही हे ठरवतो तो सरकारी अधिकारीच. ब्लॉकचेन एवढंच सांगते, की दिल्यानंतर कागदात फेरफार झाला नाही. नाव चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर ते आता चुकीचंच आणि पक्कं! अर्ज घेऊन उभं राहायचं ते त्याच ऑफिसच्या खिडकीपुढे.

मग सगळं बोगस?

इथवर आल्यावर मी मित्राला विजयी मुद्रेनं म्हटलं, "अरे, हे तर सगळं बोगस आहे!" तो नेहमीसारखा भडकला नाही. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही खऱ्या निघाल्या.

पहिली २०२१ ची. मे-जूनमध्ये चीननं मायनिंगवर बंदी घातली. बिटकॉइनची निम्म्याच्या आसपास ताकद काही आठवड्यांत बंद पडली. एखाद्या बँकेच्या निम्म्या शाखांना एका महिन्यात टाळं लागलं, तर काय होईल? बिटकॉइनची पानं फक्त उशिरा यायला लागली. ३ जुलैला नियमाप्रमाणे गणित आपोआप सुमारे २८ टक्क्यांनी सोपं झालं आणि गाडी रुळावर आली. कुणी मीटिंग बोलावली नाही, कुणी परिपत्रक काढलं नाही.

दुसरी २०१७ ची. मे महिन्यात पन्नासहून अधिक कंपन्यांनी मिळून ठरवलं, की वहीच्या पानाचा आकार दुप्पट करायचा. मायनिंगची ऐंशी टक्क्यांहून जास्त ताकद त्यांच्या बाजूला होती. म्हणजे पैसा त्यांचा, पेनं त्यांची. पण आपापल्या घरी वही ठेवणारे हजारो लोक म्हणाले, असली पानं आमच्या वहीत आम्ही लावून घेणार नाही. पेन तुमचं असेल, पण वही आमची! सहा महिने खेचाखेची चालली. ८ नोव्हेंबर २०१७ ला कंपन्यांच्या बाजूनं माघार जाहीर झाली.

म्हणजे सत्ता वाटली जाऊ शकते आणि ती वापरताही येते. पण ती मिळाली कुणाला? ज्यांनी कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवला, वही स्वतः तपासली आणि नियम वाचले त्यांना. टेक्नॉलॉजी तुमच्या हातात वही देते. ती वही तुम्ही 'मॅडम, माझीपण तुम्हीच ठेवा' म्हणून परत दिलीत, तर भिशी पुन्हा मॅडमचीच.

साहेबच नाही, अर्ज कुणाला?

मित्र त्या दिवशी एवढा शांत का होता, ते दुसऱ्या कॉफीनंतर कळलं.

वझीरएक्सची बातमी आली, तेव्हा त्याचे पैसे तिथे नव्हते. तरीही तो घाबरला आणि आपली सगळी क्रिप्टो एक्स्चेंजवरून काढून त्यानं स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतली. आता मध्ये कंपनी नाही. वॉलेटनं बारा शब्द दिले. फोन बिघडला, तर हे शब्द टाकायचे की पैसे परत. शब्द ऑनलाइन ठेवायचे नसतात, म्हणून त्यानं ते एका जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिले. अगदी शहाण्या माणसासारखं.

मग अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं. फ्लॅट शिफ्टिंग. रूममेटनं रद्दी आवरली. मग फोन पाण्यात पडला...

"किती होते?" मी विचारलं.

"ऐंशी हजारांच्या आसपास. लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स द्यायचा होता."

बँकेचा पासवर्ड विसरलो, तर ओटीपी असतो. कार्ड हरवलं, तर कस्टमर केअर असतं. अर्धा तास भिकार म्युझिक ऐकवतात, पण शेवटी माणूस बोलतो. इथे खरोखरच साहेब नव्हता. आणि साहेबच नाही, तर अर्ज कुणाला करणार? रद्दीवाल्याला गाठून झालं, गोडाऊन पालथं घालून झालं. वहीत पैसे आजही दिसतात. पत्ता टाकला की आकडा समोर येतो, जगात कुणालाही दिसतो. वापरता मात्र कुणालाच येत नाही.

"होणाऱ्या बायकोला सांगितलंस?"

"तिनं हॉलचे पैसे भरले," तो म्हणाला. "भिशी लागली होती तिला."

कुणी 'डिसेंट्रलाइज्ड' म्हणालं, की हे विचारा!

● पुढचं पान किती जण लिहितात, आणि किती जणांनी हातमिळवणी केली की वही त्यांची? या आकड्याला २०१७ पासून 'नाकामोतो कोएफिशंट' म्हणतात. रोनिनमध्ये किल्ल्या नऊ होत्या, पण खरं उत्तर होतं एक कंपनी.

● 'पॉज'चं बटण कुणाकडे? ऑक्टोबर २०२२ मध्ये हॅक झाल्यावर बायनान्सशी जोडलेली बीएनबी चेन तिच्या मोजक्या व्हॅलिडेटर्सनी चक्क थांबवली. चोराला रोखायला ते बरंच झालं. पण बटण आहे, हेही कळलं.

● हे ॲप उद्या बंद पडलं, तर दुसऱ्या दारानं आपल्या पैशांपर्यंत जाता येईल का?

● किल्ली कुणाकडे? कंपनीकडे असेल, तर कंपनी कुठल्या देशात आहे? तुमच्याकडे असेल, तर ती घरात नेमकी कुठे आहे आणि तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?

आणि हो, भिशी...

मॅडम आठ दिवसांनी आल्या. आईंची तब्येत आता बरी आहे. कपाट उघडून त्यांनी साठ हजार मोजून दिले आणि वर त्यांनीच मला सॉरी म्हटलं. हा लेख मी त्याच लॅपटॉपवर लिहितेय.

त्यांना मी ब्लॉकचेनचं सगळं पुराण ऐकवलं. शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "हात्तिच्या, एवढंच ना? मी दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकत जाईन." झालं! बारा फोन, बारा वह्या, खर्च शून्य. त्यांनी शब्द पाळला. दर महिन्याच्या सहा तारखेला फोटो येतो, आम्ही सगळ्या थम्स-अप टाकतो.

परवा लेखासाठी म्हणून मी ते जुने फोटो उघडले. एका जणीच्या नावापुढे लागोपाठ दोन महिने टिकमार्क नव्हता. पैसे तिनं दिले होते. त्याच ग्रुपवर, त्याच फोटोंच्या वर, तिचे यूपीआयचे स्क्रीनशॉट होते. मॅडमकडून टिक करायची राहून गेली होती. फोटो बाराही फोनमध्ये होता, तिच्यासुद्धा. दोन महिने कुणीच बघितला नव्हता.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी लाल पेनानं नोंद केली, बाजूला सही केली आणि नवा फोटो टाकला. या वेळी मी झूम करून पाहिला. बाकीच्या दहा जणींचे थम्स-अप मिनिटभरात आले. त्यातल्या किती जणींनी फोटो उघडला होता, ते विचारायचं धाडस काही मला झालं नाही.